पावसाळा सरताना लिंबाची झाडे शेंड्याकडून वाळतात : दरवर्षी परतणाऱ्या डिंक्या आणि मूळकुजीचा शोध व उपाय

भाद्रपद लागला की लिंबाच्या बागेतील काही झाडे एकाएकी मरगळल्यासारखी दिसू लागतात. पानांचा गडद हिरवा रंग उतरतो, आधी मधली शीर पिवळी पडते, मग सगळे पान पिवळे होऊन गळते आणि फांद्या शेंड्याकडून खाली वाळत येतात. अशी झाडे बहुधा मेलेली दिसण्यापूर्वी एकदा फुलांनी भरून जातात, बारीक फळे धरतात आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काड्यांचा सांगाडा होऊन उभी राहतात. दुसऱ्या वर्षी हेच शेजारच्या झाडांना होते. लिंबू घेणाऱ्या पुष्कळ लहान बागायतदारांकडून हीच तक्रार मी ऐकली आहे आणि आमच्या बागेत तिने पाच वर्षांत ३१ झाडे नेली आहेत. त्या पाच वर्षांत आम्ही काय चुकलो, खरे कारण कोठे सापडले आणि आता दरवर्षी काय करतो, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

आमची बाग आटपाडी तालुक्यात, माणगंगेच्या खोऱ्यात आहे. माझ्या सासऱ्यांनी दीड एकरात वीस बाय वीस फुटांवर कागदी लिंबाची १६० झाडे लावली. घर बागेतच आहे, त्यामुळे बहराच्या दिवसांत रात्री दार उघडे ठेवले तरी घरभर फुलांचा वास येतो आणि एखादे झाड आजारी पडले की ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज दिसत राहते. हा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. पाऊस थोडा आणि त्यातलाही मोठा वाटा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, परतीच्या वाटेवर पडतो. जुन्या पिढीने येथे लिंबू लावले ते कमी पाण्यात तग धरते म्हणूनच. मग ज्या झाडांनी विहिरीच्या तुटपुंज्या पाण्यावर दुष्काळ काढले, ती झाडे पाणी मिळू लागल्यावर का मरावीत, हा प्रश्न आम्हाला फार उशिरा पडला.

पहिली तीन वर्षे आम्ही वरच उपाय करत राहिलो. पाने पिवळी दिसली म्हणून एका दुकानातून सूक्ष्म अन्नद्रव्यांची पुडी आणली, ती फवारली. झाड सुधारले नाही म्हणून युरियाची मात्रा वाढवली. फांद्या वाळत आहेत म्हणून पाणी वाढवले. हे तिसरे पाऊल सर्वांत घातक होते, कारण मुळे कुजल्यामुळे ज्या झाडाला पाणी ओढता येत नाही, ते झाड तहानलेल्या झाडासारखेच दिसते. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस लांबला, त्यानंतरच्या हिवाळ्यात एकदम नऊ झाडे गेली. तेव्हा शेजारच्या वस्तीवरचे एक वयस्कर बागायतदार बाग बघायला आले. त्यांनी फांद्यांकडे पाहिलेदेखील नाही. "वहिनी, वर बघून काय कळणार? बुंध्याशी बसा आणि माती उकरा," एवढेच ते म्हणाले आणि स्वतःच खुरपे घेऊन खाली बसले.

त्यांनी बुंध्याभोवतीची माती वीतभर खाली नेली, तेव्हा सालीवर मधासारखा डिंक ओघळून सुकलेला दिसला. खुरप्याच्या टोकाने साल खरवडली तर आत हिरवट पांढऱ्या रंगाऐवजी काळपट तपकिरी रंग होता आणि आंबूस वास येत होता. बारीक मुळी चिमटीत धरून ओढली तेव्हा तिची साल मोज्यासारखी निघून हातात आली आणि मागे नुसता दोरा राहिला. निरोगी झाडाची मुळी अशी सोलत नाही. ती पिवळसर पांढरी आणि कडक असते. हा डिंक्या रोग होता आणि त्याच बुरशीने मुळेही कुजवली होती. या बुरशीला फायटोफ्थोरा म्हणतात.

निदानाला घाई करू नये

पिवळे पान हे एकच लक्षण पाच-सहा कारणांनी दिसते, म्हणून औषध आणण्यापूर्वी एक सकाळ पूर्णपणे बागेत घालवावी. प्रथम आजारी झाडे बागेत कोठे आहेत ते कागदावर ठिपके देऊन मांडावे. आमच्या कागदावर ३१ पैकी २४ ठिपके उताराकडच्या तीन ओळींत आणि शेजारच्या उसाच्या बांधालगत पडले. झाडे बागेत कोठेही विखरून मेली असती तर आम्ही रोपांत किंवा विषाणूत कारण शोधले असते. ती पाण्याच्या वाटेने मेली होती, आणि हे तीन वर्षांपूर्वीच कळायला हवे होते.

त्यानंतर पाने पाहावीत. कोवळी पाने पिवळी पण शिरा हिरव्या, अशी जाळी दिसत असेल तर ती लोहाची कमतरता असते आणि आपल्याकडे तिचे मूळ बहुतेक वेळा चुनखडीच्या जमिनीत असते. मुक्त चुन्याचे प्रमाण १० टक्क्यांपेक्षा जास्त असलेल्या जमिनीत लिंबूवर्गीय झाडे लावू नयेत असे सांगितले जाते. माणदेशात मुरमाखाली चुनखडीचा थर लागणे नवीन नाही, त्यामुळे माती परीक्षणात मुक्त चुन्याची तपासणी आवर्जून मागून घ्यावी. पाने लहान, अरुंद आणि शिरांच्या मध्ये पिवळे पट्टे असलेली दिसली तर जस्त कमी पडत आहे. त्यासाठी एका लिटरला ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि ते सौम्य करण्यासाठी २.५ ग्रॅम चुना, अशी फवारणी नव्या पालवीवर घेतात. डिंक्यात मात्र शीरच आधी पिवळी पडते, कारण बुंध्याची साल मेल्यामुळे पानात तयार झालेले अन्न खाली उतरू शकत नाही. हा फरक डोळ्यांनी ओळखता येतो आणि तो ओळखला तर निष्कारण फवारण्यांचा खर्च वाचतो.

ट्रिस्टेझा या विषाणूजन्य रोगाचीही शंका घ्यावी, कारण कागदी लिंबू त्याला फार लवकर बळी पडते आणि काळा मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. कोवळे पान उजेडाकडे धरल्यास शिरांमध्ये तुटक पारदर्शक रेघा दिसतात आणि फांदीची साल सोलल्यावर लाकडावर बारीक लांबट खाचा आढळतात. या रोगावर औषध नाही. माव्याचा बंदोबस्त करणे आणि निरोगी मातृवृक्षापासून केलेली रोपे लावणे, एवढेच हातात राहते. फांदीच्या बेचक्यात लाकडाचा भुसा आणि विष्ठेची जाळी लोंबत असेल तर ती साल खाणारी अळी आहे. तिचे छिद्र तारेने साफ करून बंद करावे लागते. सूत्रकृमीने मुळे खुंटलेली असल्याची शंका आली तर मुळांसह मातीचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा, कारण ते डोळ्यांना दिसत नाहीत.

एवढे पाहून झाल्यावर बुंधा उघडावा. डिंक, काळपट साल, सोलणारी मुळी आणि आंबूस वास यांपैकी दोन गोष्टी सापडल्या तर पुढचा मजकूर तुमच्यासाठी आहे.

पाणी आणि बुंधा

फायटोफ्थोरा मातीत वर्षानुवर्षे टिकून राहते. तिच्या बीजाणूंना शेपटीसारखे तंतू असतात आणि माती पाण्याने भरली की ते पोहत मुळांपर्यंत जातात. म्हणून माती वाफशावर असताना, म्हणजे ओल असूनही पाणी साचलेले नसताना, ती फारसे नुकसान करत नाही आणि दोन दिवस पाणी साचले की झपाट्याने पसरते. सासऱ्यांच्या काळातही ती आमच्या शेतात असेल. तिला पोहायला पाणी मिळत नव्हते.

ते पाणी आम्ही दिले. कराडजवळ टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलून टप्प्याटप्प्याने कडेगाव, खानापूर, आटपाडीकडे आणणारी योजना आमच्या शिवारापर्यंत पोहोचली तेव्हा गावाने आनंद केला आणि तो योग्यच होता. खटाव-माणमध्ये उरमोडी आणि जिहे-कठापूरच्या पाण्याची, जत-कवठेमहांकाळमध्ये म्हैसाळच्या पाण्याची वाट लोकांनी याच आशेने पाहिली. परंतु कालव्याचे पाणी आवर्तनाने येते. पुढचे आवर्तन नेमके कधी मिळेल याची खात्री नसल्यामुळे पाणी चारीत आले की प्रत्येक जण जमीन मावेल तेवढे भरून घेतो. आम्हीही पाटाने एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात असे पाणी सोडत ओळ भिजवत होतो आणि ओळ संपेपर्यंत पहिल्या झाडाच्या बुंध्याशी टाचभर पाणी उभे असे. शिवाय आजारी झाडाच्या आळ्यातले पाणी पुढच्या दहा झाडांना पाजले जात होते, म्हणजे रोग आम्ही स्वतः पाटाने वाहून नेत होतो. मोठ्या बागायतदाराकडे शेततळे असते, तो आवर्तनाचे पाणी साठवून ठिबकने हवे तेव्हा देतो. दीड-दोन एकरवाल्याला तळ्यासाठी दहा गुंठे गुंतवणे जड जाते. त्यामुळे या रोगाला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. पाण्याच्या अनिश्चितीतून ही सवय लागते आणि ती मोडायची तर आधी अनिश्चितीवर काही तोड काढावी लागते.

दुसरे कारण लागवडीच्या दिवशीच घडून गेलेले असते. खोल खड्डा शेणखत आणि पालापाचोळ्याने भरून लगेच रोप लावले की वर्षभरात ते खत कुजून माती बसते आणि रोप चार-पाच बोटे खाली जाते. मग पाटाच्या पाण्यासोबत गाळ येतो, वाऱ्यात झाड हलू नये म्हणून आपण भर लावतो आणि मुळे जेथून फुटतात ती जागा कायमची मातीखाली जाते. सासऱ्यांनी दरवर्षी हौसेने प्रत्येक बुंध्याला मातीची भर दिली होती. उसाला, भुईमुगाला भर मानवते, तशी ती लिंबाला मानवत नाही, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. बुंध्याची साल जमिनीखाली ओली राहिली की ती मऊ पडते आणि खुरप्याची किंवा अवजाराची एखादी जखम झाली की बुरशीला दार मिळते.

तिसरे कारण आंतरमशागतीचे आहे. लिंबाची अन्न घेणारी पांढरी मुळी मुख्यतः वरच्या फूट-दीड फुटात असते. मोकळ्या पट्ट्यात मका किंवा भाजीपाला घेण्यासाठी रोटाव्हेटर झाडाच्या सावलीपर्यंत नेला की ही मुळी तुटते आणि तिच्या जखमांतून कूज शिरते. आंतरपिकाला दिलेले वरचेवर पाणी बागेला सतत ओले ठेवते ते वेगळेच. लागवडीच्या पहिल्या तीन-चार वर्षांत उत्पन्न नसताना आंतरपीक घेऊ नका असे लहान शेतकऱ्याला सांगणे शक्य नाही, पण हरभरा, चवळी यांसारखे कमी पाण्याचे पीक घेऊन झाडाच्या पसाऱ्याबाहेर राहणे शक्य आहे.

आजारी झाडावर काय करावे

वैशाखात, पाऊस येण्यापूर्वी, प्रत्येक झाडाची बुंध्याची माती बाजूला काढून वरची मुळे उघडी दिसेपर्यंत खळगा मोकळा करावा आणि आठ-दहा दिवस ऊन व वारा लागू द्यावा. आमच्या बागेत हे काम दोघांना चार दिवस पुरले. मजुरी देऊन करायचे तर खर्च येतो, परंतु सगळ्या उपायांत या चार दिवसांचे मोल मला सर्वांत अधिक वाटते. खळग्यात पावसाचे पाणी साचणार नाही, असा उतार त्याच वेळी काढावा, नाहीतर उपायाचाच अपाय होतो.

नंतर धारदार चाकूने मेलेली साल निरोगी सालीपर्यंत खरवडावी. खरवडलेले तुकडे आळ्यात टाकू नयेत, गोळा करून जाळावेत. चाकू प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक द्रावणात बुडवावा. जखमेवर आणि जमिनीपासून दोन ते तीन फूट उंचीपर्यंत सबंध खोडावर १० टक्के बोर्डोमलम लावावा. त्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी लागते. मोरचूद अर्ध्या पाण्यात प्लास्टिकच्या बादलीत रात्रभर भिजत ठेवावे, चुना उरलेल्या पाण्यात वेगळा विरवून गाळून घ्यावा आणि दोन्ही द्रावणे तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओतत काठीने ढवळावीत. लोखंडी किंवा पत्र्याचे भांडे वापरू नये. मलम तयार झाल्यावर त्यात स्वच्छ लोखंडी खिळा थोडा वेळ बुडवावा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे असे समजून आणखी चुन्याची निवळी घालावी. चुना जुना, हवेत विरलेला असेल तर प्रमाण बरोबर घेऊनही मलम बिघडते. आमचे पहिल्या वर्षीचे मलम याच कारणाने सालीला भाजले होते. मलम त्याच दिवशी वापरून संपवावा. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीस, दुसरा हात द्यावा.

मलम बुंधा राखतो, पण मातीतल्या मुळांपर्यंत तो पोहोचत नाही. मुळे कुजू लागलेल्या झाडांना मेटॅलॅक्झिल आणि मँकोझेब यांचे संयुक्त बुरशीनाशक एका लिटरला २.५ ग्रॅम या प्रमाणात विरघळवून झाडाच्या पसाऱ्याखालील ओलसर मातीत ओतावे. आम्ही मोठ्या झाडाला साधारण १० लिटर द्रावण देतो. पहिली आळवणी पाऊस नीट सुरू झाल्यावर आणि दुसरी गरज असेल तर सुमारे सहा आठवड्यांनी करावी. कोरड्या मातीत हे औषध वरच्या वर अडकते आणि साचलेल्या पाण्यात वाहून जाते, म्हणून वाफसा पाहूनच ते द्यावे. वेष्टनावरची माहिती आणि काढणीपूर्वीचा काळ पाळावा आणि शंका असल्यास कृषी सहायकाला किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला विचारावे. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून देणे फायद्याचे आहे, परंतु रासायनिक आळवणी आणि तिचा वापर एकाच वेळी केला तर ती मरते. त्या दोहोंमध्ये आम्ही १५ ते २० दिवस सोडतो.

याच काळात दोन मोह आवरावे लागतात. आजारी झाड फुलांनी लगडले की ते सावरले असे वाटते. प्रत्यक्षात ते उरलेली सगळी शक्ती फळांत घालत असते. अशा झाडावरची फुले आणि बारीक फळे काढून टाकावीत, वाळलेली सल आणि जोमाने वर गेलेले पाणसोट छाटावेत, म्हणजे कमी झालेल्या मुळांवरचा भार हलका होतो. दुसरा मोह खताचा असतो. नवी पांढरी मुळी दिसेपर्यंत युरिया देऊ नये. ती दिसू लागली की थोडे थोडे, विभागून द्यावे. आमच्या उरलेल्या आजारी झाडांत नवी मुळी दिसायला एक पूर्ण हंगाम लागला.

बुंध्याचा अर्ध्याहून अधिक घेर मेला असेल तर झाड वाचवण्याचा खर्च करू नये. सासऱ्यांच्या हातचे झाड तोडताना मला फार जड गेले होते आणि तशी दोन झाडे मी हट्टाने ठेवलीही. ती गेलीच, शिवाय शेजारची तीन आजारी करून गेली. झाड मुळासकट काढून खड्डा उघडा ठेवावा आणि चैत्र-वैशाखात ओल्या मातीवर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीने दाबून चार ते सहा आठवडे तापू द्यावा.

पाणी देण्याची पद्धत बदलणे

हे केल्याशिवाय वरील सर्व उपाय दर पावसाळ्यात पुन्हा करावे लागतात. ठिबक असेल तर झाडाच्या दोन्ही बाजूंना लॅटरल (ठिबकची नळी) टाकून ड्रिपर बुंध्यापासून दोन ते तीन फुटांवर ठेवावेत आणि झाड वाढेल तसे बाहेर सरकवावेत. लहानपणी बुंध्याशी ठेवलेला ड्रिपर झाड दहा वर्षांचे झाले तरी तेथेच ठिबकत राहिलेला मी अनेक बागांत पाहिला आहे. पाटपाणीच असेल तर दुहेरी आळे करावे. बुंध्याभोवती फूट-दीड फुटाचा आतला गोल मातीने उंच करून कोरडा ठेवावा, मात्र ती माती बुंध्याला टेकू देऊ नये, आणि पाणी केवळ बाहेरच्या गोलात, फांद्यांच्या टोकाखाली द्यावे. प्रत्येक आळ्याला पाण्याचा स्वतंत्र फाटा काढावा, म्हणजे एका झाडाचे पाणी दुसऱ्याकडे जाणार नाही.

निचऱ्याची परीक्षा सोपी आहे. बागेच्या सखल कोपऱ्यात दीड फूट खोल खड्डा घेऊन पाण्याने भरावा. दुसऱ्या दिवशी सकाळीही त्यात पाणी उभे असेल तर ठिबक करूनही तेवढ्या भागात झाडे टिकणार नाहीत, तेथे चर काढावाच लागेल. आम्ही उताराच्या तीन ओळींत दोन ओळींमध्ये दोन फूट खोल चर घेतला आणि उसाच्या बांधालगत तसाच एक. तो दुसरा चर घेण्यापूर्वी शेजाऱ्यांशी बोलणे भाग होते, कारण पाण्याला वाट देण्याचा प्रश्न त्यांच्याही शेताचा होता. माझे दीर त्यांना म्हणाले, "आबा, तुमच्या उसाचं पाणी बंद करा असं आम्ही म्हणत नाही, चर आमच्या हद्दीत काढतो, फक्त खाली ओढ्याला वाट द्या." त्यांनी स्वतः उभे राहून चर आखून दिला. बांधावरून तंटे होण्याचे दिवस आहेत, म्हणून ही गोष्ट मुद्दाम नोंदवते.

शेततळ्याचा विचारही टाळू नये. तळे मोठेच हवे असे नाही. आवर्तनाचे एक-दोन पाळ्यांचे पाणी धरून ठेवता आले तरी जमीन भरून घेण्याची गरज उरत नाही. दोघा-तिघा शेजाऱ्यांनी मिळून एक तळे घेतले तर प्रत्येकाची जमीन कमी गुंतते. वैयक्तिक शेततळ्यासाठी शासनाने २०१६ पासून अनुदान दिले आहे. त्याच्या चालू अटी तालुका कृषी कार्यालयातून लेखी समजून घ्याव्यात आणि मगच खोदाईला हात घालावा.

बहाराचा ताण आणि हा रोग

उन्हाळी लिंबाला भाव असतो आणि पावसाळी लिंबाला काही वेळा तोडणीची मजुरीही निघत नाही. काट्यांत हात घालून दिवसभर फळे वेचणाऱ्या बायकांचे पैसे देऊन गोणी बाजारात पाठवावी, तर वाहतूक आणि अडत वजा जाता पट्टी रिकामी येते. म्हणून प्रत्येकाला हस्त बहार हवा असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ताण बसून, म्हणजे मातीतली ओल तुटून, फुले आली की फळे एप्रिल-मेमध्ये हाती येतात. पण आमच्या भागात पाऊस नेमका तेव्हाच पडतो, जमिनीला ताण बसत नाही आणि शेतकरी तो जबरदस्तीने बसवू पाहतो. यासाठी जूनमध्ये ५० पीपीएम जिबरेलिक आम्ल, सप्टेंबरमध्ये १००० पीपीएम सायकोसिल हे वाढ रोखणारे द्रव्य आणि ऑक्टोबरमध्ये १ टक्का पोटॅशियम नायट्रेट, अशी फवारण्यांची शिफारस आहे आणि निरोगी बागेत तिचा उपयोग होतो. मूळकूज झालेल्या झाडाला मात्र ताण देऊ नये आणि सायकोसिलही फवारू नये. त्याला मुळेच नसल्यामुळे ते आधीच ताणात असते. ताण तोडताना दिलेले भरपूर पाणी तर उरलेली मुळे एका आठवड्यात कुजवते. आम्ही आजारी झाडांच्या बुंध्याला निळी दोरी बांधतो आणि त्या झाडांचा बहार दोन वर्षे धरत नाही. लहान बागेत दोन वर्षांचे उत्पन्न सोडणे किती कठीण असते ते मी जाणते. आमच्याकडे त्या दोन वर्षांत दोन म्हशींच्या दुधावर घर चालले.

मोकळ्या जागी नवे रोप

नांग्या, म्हणजे मेलेल्या झाडांच्या जागा, भरताना घाई केली तर तीच कहाणी पुन्हा सुरू होते, कारण हा रोग पुष्कळदा रोपवाटिकेच्या पिशवीतूनच येतो. आम्ही एकदा स्वस्त मिळाली म्हणून बारा रोपे आणली, त्यांच्या पिशव्या ओल्या जमिनीवर गाळात ठेवलेल्या होत्या. त्यांतली पाच दुसऱ्या पावसाळ्यात गेली. आता रोप घेण्यापूर्वी दोन-तीन पिशव्या फाडून मुळे पाहण्याची परवानगी मागते आणि त्या रोपांचे पैसे देते. मुळी पांढरी, भरपूर आणि सोलून न येणारी असावी, पिशव्या खडीवर किंवा उंच बाकावर असाव्यात आणि माती जुन्या लिंबाच्या बागेतली नसावी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने साई सरबती आणि फुले सरबती हे वाण दिले आहेत. जातीची खात्री हवी असेल तर विद्यापीठाच्या किंवा नोंदणीकृत रोपवाटिकेतूनच, पावतीसह रोपे घ्यावीत. आपल्याकडे कागदी लिंबू बहुतेक बियांच्या रोपांवरच वाढवतात. डिंक्याला अधिक सहनशील असलेल्या रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरलेले कलम मिळत असेल तर सखल जागेसाठी ते जरूर पाहावे. जंबेरीचा खुंट या रोगाला लवकर बळी पडतो.

खड्डा भरल्यावर एखादा मोठा पाऊस होऊन माती बसू द्यावी आणि मगच रोप लावावे. लावताना पिशवीतील मातीचा वरचा थर शेताच्या पातळीपेक्षा चार बोटे उंच राहील असे पाहावे. भारी जमिनीत तर ओळीने दीड-दोन फूट उंच गादीवाफा करून त्यावरच लागवड करावी. आमची नवी २२ रोपे अशीच वरंब्यावर आहेत. गेल्या तीन पावसाळ्यांत त्यांतले एकही गेले नाही आणि जुन्या झाडांतले, बुंधे उघडल्यापासून, एक गेले. ते नेमके त्या ठिकाणचे आहे जेथे चर गाळाने भरला होता आणि आम्ही तो भाद्रपदात साफ केला नाही.

आपल्या बागेतील झाडाविषयी कोणाला सल्ला विचारायचा असेल तर केवळ पिवळ्या पानाचे छायाचित्र पाठवू नये. माती काढून उघडा केलेला बुंधा, खरवडलेली साल, धुतलेल्या बारीक मुळ्या आणि आजारी झाडांचे ठिपके दिलेला बागेचा कागद, अशी चार छायाचित्रे द्यावीत. सोबत पाणी कोठून येते, किती दिवसांनी येते आणि बुंध्याशी किती वेळ उभे राहते, हे लिहावे.